हॅलो एलियन! पण फोन लावायला सांगितलं कुणी?

कल्पना करा. तुमच्या सोसायटीतला एक उत्साही सभासद रात्री दोन वाजता गच्चीवर चढतो आणि लाउडस्पीकर लावून ओरडतो, "ओ अनोळखी मंडळी! आम्ही इथे राहतो, बी विंग, वॉचमन झोपलाय, या की!" दुसऱ्या दिवशी जनरल बॉडीची मीटिंग कशी रंगेल, सांगा बरं?

माहीत आहे का, पृथ्वी नावाच्या सोसायटीत हा प्रकार गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. मीटिंग मात्र अजून झालेली नाही!

गच्चीवरचा सगळ्यात गाजलेला पुकारा १६ नोव्हेंबर १९७४चा. पोर्टो रिकोतल्या अरेसिबो इथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण नवी कोरी होऊन सज्ज झाली होती. समारंभ होता, पाहुणे होते. मग काहीतरी धमाका नको का? खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक आणि मंडळींनी एम-१३ या तारकागुच्छाकडे १६७९ बिट्सचा मेसेज सोडून दिला. तीन मिनिटांच्या आत काम फत्ते.

१६७९च का? कारण २३ गुणिले ७३. दोन्ही मूळ संख्या. कोडं सुटलं तर त्या बिट्सची रांगोळी तयार होते आणि तिच्यात माणूस, डीएनए आणि सूर्यमाला दिसते. पत्ता सुमारे २५ हजार प्रकाशवर्षांवरचा. म्हणजे रिप्लाय यायला एकूण ५० हजार वर्षं. ब्लू टिककडे डोळे लावून बसू नका.

टाळ्यांच्या कडकडाटात एक सूर मात्र वेगळा लागला. ब्रिटनचे राजज्योतिर्विद मार्टिन राइल भडकले. तिकडे कोण बसलंय, ते सज्जन आहेत की भुकेले, हे ठाऊक नसताना आपणच आवाज का द्यायचा, असा त्यांचा सवाल. आपल्याकडे याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. राइल म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत हं. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

एलियन आहेत की नाहीत, हा प्रश्न एव्हाना जुना झाला. खमंग प्रश्न वेगळाच आहे. आठ अब्ज लोकांच्या वतीने "हॅलो" म्हणायचा अधिकार कुणाचा? आणि समोरच्याला फोन हवाय का, हे कुणी विचारलंय?

थोडं मागे जाऊ. माहीत आहे का, १९००च्या सुमारास फ्रान्समध्ये एक भन्नाट बक्षीस जाहीर झालं होतं? दुसऱ्या ग्रहावर निरोप पाठवा, उत्तर मिळवा आणि एक लाख फ्रँक खिशात घाला. अट एकच, मंगळ चालणार नाही. का? तिथले लोक गाठणं फारच सोपं! पत्रिका जुळवताना आपण मंगळ टाळतो, तसा त्यांनीही टाळला. कारण मात्र अगदी उलटं.

मंगळाची हवा १९२४ सालीही जोरात होती. ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला, तेव्हा अमेरिकी नौदलाने आपल्या रेडिओ केंद्रांना खास कान देऊन बसायला सांगितलं, मंगळावरून कुणी बोललंच तर ऐकू यावं म्हणून. विल्यम फ्रीडमन हे नामांकित सांकेतिक-लिपी तज्ज्ञ मंगळी भाषा उलगडायला हाताशी होते. मंगळ काहीच बोलला नाही. शिष्टाचार मात्र बघा: आधी ऐका, मग बोला.

पुढच्या पिढीने हा क्रम उलटा केला.

१९६२. क्रिमियातल्या येवपातोरिया केंद्रातून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी शुक्राच्या दिशेने मोर्स कोडमध्ये तीन शब्द सोडले. पहिला 'मीर', म्हणजे शांती. दुसरा 'लेनिन'. तिसरा देशाचं नाव. विश्वाशी पहिली ओळख आणि लगेच साहेबांचं नाव! आपल्या चौकातल्या फ्लेक्सची आठवण झाली ना?

हसताय? मग पुढचं ऐका. व्हॉयेजर यानांवर १९७७मध्ये जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांच्या नावांची यादीसुद्धा आहे. एलियननी तबकडी उलगडलीच तर त्यांना बाखचं संगीत मिळेल, देवमाशांची गाणी मिळतील आणि सोबत शुभेच्छुकांची यादीही!

त्याआधीची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९७२मध्ये पायोनियर-१० यानावर एक पाटी लावली होती. तिच्यावर नग्न स्त्री-पुरुषाचं रेखाचित्र होतं आणि १४ पल्सारच्या, म्हणजे ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, आधारे काढलेला सूर्याचा नकाशा, म्हणजे चक्क आपल्या घराचा पत्ता. आरडाओरडा कशावरून झाला असेल? करेक्ट, कपड्यांवरून! व्हॉयेजरच्या वेळी नासा शहाणी झाली. नग्न जोडप्याचा फोटो गाळून फक्त काळी छायाकृती ठेवली. पत्ता मात्र तबकडीच्या कव्हरवर जसाच्या तसा छापला. चोराला घराची किल्ली द्यायची, पण पडदे नीट ओढून घ्यायचे!

त्याच तबकडीत ५५ भाषांमधले नमस्कार आहेत. माहीत आहे का, त्यांत आपली मराठीही आहे! एका स्त्रीच्या आवाजात पृथ्वीवासीयांच्या शुभेच्छा, आणि या जन्मी धन्य व्हा असा आशीर्वाद. 'जेवलात का?' मात्र राहून गेलं, एवढीच आपली तक्रार.

आणि आता कान टवकारा. तबकडीतला भारतीय संगीताचा एकमेव तुकडा आहे सूरश्री केसरबाई केरकर यांचा. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. भैरवीतली 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची चीज. बंदिशीचं नावच विचारतंय, निघालीस कुठे? आणि यान निघालं ताऱ्यांकडे. याहून चपखल निवड स्वर्गातल्या गंधर्वांनाही जमली नसती.

गंमत बघा. या केसरबाईंनी रेडिओला कायम नकार दिला. ध्वनिमुद्रणालाही त्या सहजासहजी राजी होत नसत. आपलं गाणं समोर बसून, तयारीने ऐकायचं असतं हा त्यांचा खाक्या. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबर १९७७ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी. आज त्यांचा सूर २,५०० कोटी किलोमीटरच्या घरात पोहोचलाय. माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू याहून दूर गेलेली नाही. मैफलीत उशिरा येणाऱ्यांना त्यांनी काय सुनावलं असतं, ते एलियननी जपून घ्यावं.

आता एक पायरी खाली. तबकडीवर संपूर्ण मानवजातीतर्फे बोलायला कोण निवडलं? संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कुर्ट वाल्डहाइम. भाषण शांततेचं, सूर नम्र. आणि १९८६मध्ये बाहेर काय आलं? या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्यातून बाल्कन प्रदेशात केलेली नोकरी वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती. तबकडी तोवर शनीच्याही पार गेली होती. 'डिलीट फॉर एव्हरीवन'चं बटण तिला नाही.

पृथ्वीच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न म्हणजे फावल्या वेळातली टाइमपास चर्चा का नव्हे, ते यावरून कळतं.

बरं, सरकारी यंत्रणा परवडली म्हणायची वेळ पुढे आली. २००८ या एकाच वर्षात आपण काय काय पाठवलं, बघा.

फेब्रुवारीत नासाने आपल्या पन्नाशीनिमित्त बीटल्सचं 'अक्रॉस द युनिव्हर्स' हे गाणं ध्रुवताऱ्याकडे सोडलं. ४३१ प्रकाशवर्षांचा पल्ला. अढळपदावर शांत बसलेल्या ध्रुवबाळाला डीजे!

जूनमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या रडारवरून डोरिटोस या चिप्सची जाहिरात सप्तर्षी तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे गेली. चाळीसेक प्रकाशवर्षं दूर. म्हणजे २०५०च्या आसपास वसिष्ठांच्या आळीत कुरकुरीत आवाज होणार. सात ऋषी, एक पाकीट, वाटून खा.

ऑक्टोबरमध्ये एका सोशल नेटवर्किंग साइटच्या सभासदांचे ५०१ निरोप ग्लीझ ५८१ या ताऱ्याच्या ग्रहाकडे रवाना झाले. २०१२मध्ये तर दहा हजारांच्या घरात ट्वीट्स पाठवले. विश्वातल्या सगळ्यात प्रगत संस्कृतीने आपल्याला ट्वीट्सवरून जोखावं? शिव शिव! त्यांचा आपल्याविषयी पहिलाच ग्रह काय होईल? आणि मग तो परग्रह म्हणायचा की पूर्वग्रह?

आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण बहुधा याच मंडळींसाठी जन्मली असावी. अँटेना त्यांची, जाहिरात त्यांची, जोखीम मात्र तुमच्या-माझ्या नातवंडांची.

स्टीफन हॉकिंग यांनी २०१०मध्ये हेच बजावलं. कोलंबस अमेरिकेत उतरला तेव्हा यजमानांचं काय भलं झालं, आठवा जरा, असा त्यांचा रोख. २०१५मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी आणि उद्योजकांनी सह्या करून मागणी केली की जगभर चर्चा झाल्याशिवाय असले मेसेज नकोत. सह्या करणाऱ्यांत एलॉन मस्कही होते. रॉकेटवर स्वतःची मोटार अंतराळात पाठवणारा माणूस 'जरा जपून' म्हणतोय, म्हणजे विचार करा!

मग कायदा काय म्हणतो? माहीत आहे का, काहीच नाही! १९८९ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१०मध्ये ती सुधारलीही. सिग्नल सापडला तर आधी खात्री करा, मग जगाला सांगा आणि सर्वांशी सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर देऊ नका, असा मथितार्थ. पण हे सगळं सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखं. मोडलं तर दंड नाही.

मेसेज किती धोक्याचा हे मोजायला 'सॅन मारिनो स्केल' नावाची एक ते दहाची पट्टीसुद्धा आहे. मिसळीच्या तिखटाला असते तशी. एक म्हणजे शेव जास्त, दहा म्हणजे तर्री!

कायदा नाही म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. फ्रान्समधल्या शातोनफ-दु-पाप या वाइनसाठी प्रसिद्ध गावाच्या महापौरांनी १९५४मध्ये फर्मान काढलं: आमच्या द्राक्षमळ्यांत उडत्या तबकड्या उतरवायच्या नाहीत. उतरवल्या तर जप्त! नाशिकच्या बागायतदारांनी नोंद घ्यावी. गारपिटीवर काही करता येत नाही, निदान तबकड्यांचा तरी बंदोबस्त करून ठेवा.

उलट कॅनडातल्या सेंट पॉल या गावाने १९६७मध्ये तबकड्यांसाठी खास उतरण्याचा तळ, म्हणजे लँडिंग पॅड बांधून ठेवलं. तिकडे जप्ती, इकडे पायघड्या. अजून एकही गिऱ्हाईक नाही. फुकट पार्किंग वाया चाललंय.

पण थांबा. संपर्क म्हणजे फक्त गप्पा नव्हेत. हस्तांदोलनात हात धुतलेले असावे लागतात!

अपोलो-११चे अंतराळवीर १९६९मध्ये परतले, तेव्हा चंद्रावरचे जंतू आले असतील या भीतीने त्यांना २१ दिवस कोंडून ठेवलं. गंमत म्हणजे त्यांच्या नावे कस्टमचा फॉर्मही भरला गेला. माल काय आणला? चंद्राचे दगड आणि धूळ. रोग पसरण्याचा संभव? तिथे लिहिलं, अजून ठरायचंय! आजवरचं सगळ्यात प्रामाणिक सरकारी उत्तर.

आपले जंतू तिकडे नेणं हा तर आणखी मोठा गुन्हा. १९६७च्या अंतराळ कराराने इतर ग्रह विटाळायला मनाई केलीय. आजीचं सोवळं आठवतंय? हेच ते, फक्त ग्रहांसाठी. १९७६मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग यानं उड्डाणाआधी सुमारे ११२ अंशांवर तीसेक तास भट्टीत शेकली होती. अख्खं यान, नानकटाईसारखं!

आणि सोवळ्याचा कळस ऐका. मंगळावर जिथे पाणी असण्याची, म्हणून जीव असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या तिथेच साध्या सोवळ्यातल्या गाड्यांना प्रवेश नाही. देव्हाऱ्यात देव आहे का बघायचंय, पण आंघोळ पुरेशी झालेली नाही!

कॅसिनी यानाने तर यापायी जीव दिला. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. इंधन संपलेलं यान चुकून तिथे आदळू नये म्हणून १५ सप्टेंबर २०१७ला त्याला शनीच्या वातावरणात ढकलून जाळून टाकलं. गॅलिलिओ यानाचंही २००३मध्ये गुरूवर हेच झालं. असतील-नसतील त्या सूक्ष्म जिवांसाठी आपण अब्जावधींची यानं होमात टाकली. माणूस इतका वाईट नाही हो, अधूनमधून.

त्याच २०१७मध्ये नासाने ग्रहरक्षण अधिकारी या पदाची जाहिरात दिली. अर्ज कुणाचा आला, माहीत आहे का? नऊ वर्षांच्या एका पोराचा! पात्रता काय, तर एलियनवरचे बरेच सिनेमे बघितलेत. नासाने त्याला प्रेमाने उत्तर पाठवलं: अभ्यास कर, मग ये.

घरच्या अंगणातलीही एक गोष्ट. २००५मध्ये हैदराबादहून एक फुगा सोडला, ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करायला. प्रमुख होते पुण्याच्या आयुका या संस्थेचे जयंत नारळीकर. त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, तिसरीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं. तपासणीत पुण्याच्या प्रयोगशाळेचाही हात होता. पाहुणे परग्रहावरचे का? इस्रोने २००९मध्ये सरळ सांगितलं, तसं सिद्ध झालेलं नाही. 'ब्रेकिंग न्यूज'च्या जमान्यात एवढा संयम! यालाही नीतीच म्हणायचं.

आता जरा आवाज खाली करू.

पहिला संपर्क कसा असतो हे बघायला आकाशात जायला नको. अंदमानातलं नॉर्थ सेंटिनेल बेट पुरे. साधारण ६० चौरस किलोमीटर, भोवती बंगालचा उपसागर आणि आत राहणारे लोक, ज्यांना तुमची-आमची ओळख नकोय. १८८०मध्ये ब्रिटिश अधिकारी पोर्टमन यांनी तिथल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला आणि चार मुलांना उचलून पोर्ट ब्लेअरला नेलं. जोडपं आजारी पडून दगावलं. मुलांना भेटवस्तू देऊन परत सोडलं. त्या मुलांनी भेटवस्तूंबरोबर बेटावर आणखी काय नेलं असेल, याचा विचार केला की घसा कोरडा पडतो.

१९९१च्या जानेवारीत भारतीय मानववंशशास्त्रज्ञांची होडी गेली. मधुमाला चट्टोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी पाण्यात नारळ सोडले आणि बेटावरच्या लोकांनी ते येऊन घेतले. सुंदर क्षण. तरीही पुढच्या काही वर्षांत सरकारने या भेटी बंद केल्या. बघा, पण शिवू नका, हे धोरण ठरलं. कारण आपल्या साध्या सर्दीनेही तिथे हाहाकार उडू शकतो. २००४च्या त्सुनामीनंतर विचारपूस करायला हेलिकॉप्टर गेलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या एका माणसाने त्याच्यावर बाण रोखला. 'आम्ही बरे आहोत, तुम्ही निघा', याहून स्पष्ट रिप्लाय कुठला असतो?

तरी हौशी थांबतात का? मार्च २०२५मध्ये एक अमेरिकी यूट्यूबर बंदी मोडून तिथे उतरला आणि किनाऱ्यावर काय ठेवून आला, माहीत आहे का? एक नारळ आणि डाएट कोकचा कॅन. पोलिसांनी अटक केली. सप्तर्षींना चिप्स, सेंटिनेलला कोला. कॉम्बो मील पूर्ण!

आमचं मत विचाराल तर या एका बेटाबाबत भारताने जे शहाणपण दाखवलं, ते आकाशाकडे तोंड करून ओरडणाऱ्यांना शिकवावं. आणि कुणी सांगावं, आपल्याहून प्रगत मंडळी आपल्याविषयी नेमकं हेच धोरण राबवत असतील. बघा, पण शिवू नका. या तर्काला शास्त्रज्ञ 'झू हायपोथिसिस' म्हणतात. राणीच्या बागेत पिंजऱ्याच्या कुठल्या बाजूला आपण आहोत, एवढाच प्रश्न!

दुसरी बाजूही ऐकून घ्या, नाहीतर एकतर्फी निकाल होईल. मेसेज पाठवणारे म्हणतात, बैल गेला नि झोपा केला! आपली रडारं कितीतरी दशकं आकाशात बडबडतच आहेत. प्रगत कुणी असेल तर त्याला आपला पत्ता लागलेलाच असणार. शिवाय सगळेच कान लावून बसले आणि बोललं कुणीच नाही, तर मैफल सुरू कशी व्हायची? मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण चोराला पत्ता ठाऊक असेल म्हणून कुणी दारावर 'सोनं कपाटात आहे' अशी पाटी लावत नाही.

नुसतं ऐकण्यातही थरार आहे, बरं का. १९६७मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आकाशातून दर १.३३ सेकंदांनी ठोका ऐकू आला. टीमने गमतीने नाव ठेवलं एलजीएम-१, म्हणजे 'हिरवी बुटकी माणसं'! निघाला तो पल्सार. १५ ऑगस्ट १९७७ला ओहायोतल्या दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक दणदणीत सिग्नल टिपला. शास्त्रज्ञाने कागदाच्या समासात लाल शाईने लिहिलं 'वॉव!' तो सिग्नल पुन्हा कधीच आला नाही. विश्वाचा मिस्ड कॉल.

आपल्याकडे नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. ढोलकीची थाप तिथली! आणि तिथून हाकेच्या अंतरावर खोडद परिसरात जीएमआरटी या दुर्बिणीच्या ३० थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटरची, अहोरात्र आकाशाला कान लावून आहेत. २०१६मध्ये मंगळावर उतरताना कोसळलेल्या युरोपच्या शियापरेली यानाचा क्षीण आवाज याच थाळ्यांनी टिपला होता. खोडदची ही थाळ्यांची पंगत फक्त ऐकते, स्वतःहून आकाशाला एक शब्द बोलत नाही. एका गावात बोर्डावर नाचणारे, शेजारच्या गावात निव्वळ श्रोते. जुन्नर तालुका ग्रेट आहे!

उत्तराची एक जवळची आशा कुठली, माहीत आहे का? २०१७मध्ये नॉर्वेतून लघुश्वान तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे संगीताचे तुकडे पाठवले. अंतर सव्वाबारा प्रकाशवर्षांच्या थोडं पुढे. तिथे कुणी असेल आणि त्याने लगेच उत्तर दिलं, तर ते २०४२च्या आसपास पोहोचेल. तोवर सोसायटीची मीटिंग बोलवायला हरकत नसावी. कोरम भरला नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा!

आणि तो पहिला गाजलेला फोन, १९७४चा? तो अजून वाटेतच आहे. एम-१३ गाठायला त्याला सुमारे २५ हजार वर्षं लागतील. ज्या अरेसिबोहून तो लावला, ती दुर्बीण मात्र १ डिसेंबर २०२०ला कोसळली. कॉलबॅक आलाच, तर उचलायला त्या नंबरवर आता कुणी नाही.